नारनौलला मुक्काम करा

दिल्लीहून राजस्थानातल्या शेखावाटीच्या हवेल्या पाहायला निघालेली माणसं नारनौलला थांबलीच, तर चहापुरती. मीही तेवढ्यासाठीच उतरलो आणि संध्याकाळपर्यंत तिथेच रमलो. हरियाणाच्या दक्षिण टोकाला, राजस्थानच्या सीमेलगत असलेलं हे महेंद्रगड जिल्ह्याचं मुख्यालय. भोवती मोहरीची शेतं, गावात धूळ आणि बाजाराची वर्दळ. पर्यटनाच्या यादीत नाव नाही. पण हिंदुस्थानच्या इतिहासाची एक अख्खी उलथापालथ या एका गावात पाहायला मिळते.

दाट वस्तीतून वाट काढत गेलं की अचानक समोर येते इब्राहिमखान सूरची कबर. राखाडी-तांबड्या दगडांची, चौकोनी, भक्कम, वर मोठा घुमट. इब्राहिमखान हा शेरशहा सूरचा आजोबा. अफगाण मुलखातून आलेला हा माणूस घोड्यांचा व्यापारी होता, असं सांगतात. चाळीस घोडेस्वार बाळगण्यासाठी त्याला नारनौल परगण्यातली काही गावं जहागीर मिळाली. त्याचा नातू 1540मध्ये हुमायूनला हरवून दिल्लीच्या गादीवर बसला. आपल्या रुपयाचं मूळ ज्या चांदीच्या नाण्यात आहे, ते पाडणारा हाच शेरशहा. जिथे आजोबानं चाळीस स्वारांनिशी संसार मांडला, तिथेच नातवानं त्याच्यासाठी ही वास्तू उभारली. दगडातली ही कृतज्ञता मला सासाराममधल्या शेरशहाच्या भव्य कबरीइतकीच मोलाची वाटते.

आता जलमहाल. चौकोनी तलावाच्या मधोमध उभी असलेली, छत्र्यांनी नटलेली ही वास्तू. तिच्याकडे कमानींच्या पुलावरून जायचं. ती बांधली अकबराचा सरदार शाह कुलीखान यानं, 1591च्या सुमारास. पानिपत म्हटलं की आपल्याला 1761 आठवतं. पण 1556च्या पानिपतावर, डोळ्यात बाण लागून कोसळलेल्या हेमूचा हत्ती ज्यानं ताब्यात घेतला, तो हाच शाह कुलीखान. हेमू सूरांचा सेनापती, वाढला जवळच्याच रेवाडीत. म्हणजे सूर घराण्याचा उदय आणि त्याचा घात करणारा हात, दोन्हींच्या खुणा एकाच गावात! शाह कुलीखानाची अष्टकोनी कबरही इथेच आहे.

मुघल काळातला इथला दिवाण रायमुकुंददास याचा वाडा लोक ‘बिरबल का छत्ता’ म्हणून दाखवतात, तो पाहाच. नारनौलनं पुढे उठावही पाहिले. 1672मध्ये औरंगजेबाविरुद्ध उठलेल्या सतनामी पंथीयांनी हे शहर जिंकून घेतलं होतं. 16 नोव्हेंबर 1857 रोजी शेजारच्या नसीबपूरला बंडवाल्यांची इंग्रजांशी घनघोर लढाई झाली आणि त्यात त्यांचा सेनानी कर्नल जेरार्ड पडला. गावापासून थोड्याच अंतरावर ढोसीचा डोंगर आहे. च्यवन ऋषींचा आश्रम तिथे होता, अशी श्रद्धा आहे. च्यवनप्राशाची कथाही लोक याच डोंगराशी जोडतात.

रेवाडीहून इथे रेल्वेनं येता येतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हवा चांगली असते आणि त्यातच मोहरी फुलते. शेखावाटीच्या बेतातला एक दिवस काढून नारनौलला द्या.