घरी विमान बांधण्यापूर्वी

अमेरिकेत सुट्या भागांच्या संचातून, म्हणजेच ‘किट’मधून, घरी विमान बांधणाऱ्यास ‘५१ टक्क्यांचा नियम’ पाळावा लागतो; बांधणीचे अर्ध्याहून अधिक काम हौशी व्यक्तींनी शिक्षणासाठी वा विरंगुळ्यासाठी केलेले असावे, असा त्याचा आशय असून, पुराव्यासाठी पहिल्या दिवसापासून छायाचित्रांसह नोंदवही ठेवणे हितावह ठरते. ओरेगनमधील व्हॅन्स एअरक्राफ्टची ‘आरव्ही’ विमाने बांधणारे बहुधा शेपटीपासून आरंभ करतात, कारण तेथे कमी खर्चात हात बसतो.

खरा कस रिव्हेट ठोकण्यात लागतो. अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे ‘क्लेको’ या स्प्रिंगच्या तात्पुरत्या चापांनी जुळवल्यावर एका बाजूने हवेच्या दाबावर चालणारी रिव्हेट गन आणि दुसऱ्या बाजूने ‘बकिंग बार’ हा पोलादी ठोकळा धरला जातो, आणि रिव्हेटचे दबलेले टोक दांड्याच्या व्यासाच्या सुमारे दीडपट रुंद व निम्म्या व्यासाइतके उंच व्हावे लागते. फसलेला रिव्हेट छिद्र न वाढवता काढण्याचा सराव आधी भंगार पत्र्यावरच करावा. जागेचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, कारण दोन मोटारींच्या गॅरेजात बहुतेक काम उरकते.

१९५३ मध्ये स्थापन झालेल्या ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’चे स्वयंसेवक तांत्रिक सल्लागार बांधणी तपासून देतात, पंखांचे पत्रे कायमचे बंद करण्यापूर्वी त्यांना अवश्य बोलवावे.