मोटरच्या डब्यातली गाठ

भोसरीत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या शॉपमध्ये सीएनसी आलं की जुनं लेथ मशीन आधी कोपऱ्यात जातं आणि मग विकायला निघतं. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचं, बेड फारसा न झिजलेलं मशीन भंगारापेक्षा थोड्या जास्त भावात हाती लागलं, तर निवृत्त टूलरूमवाला ते घरच्या गॅरेजात आणून बसवतो. टेम्पो, चेनपुली, पाया, लेव्हल सगळं निभावतं. घोडं अडतं ते विजेपाशी. मोटरच्या नेमप्लेटवर 415 व्होल्ट, 3 फेज. घरच्या मीटरला 230 व्होल्ट आणि एकच फेज.

एका फेजची वीज सेकंदाला 100 वेळा शून्यावर येते आणि तिचं चुंबकीय क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी उलटसुलट होतं. म्हणून एका फेजच्या मोटरला नुसतं सुरू व्हायलाही वेगळं वाइंडिंग आणि बहुधा कंडेन्सर लागतो. तीन फेजमध्ये ताकदीची बेरीज क्षणोक्षणी सारखी राहते, क्षेत्र आपसूक गोल फिरतं. एईजी कंपनीतल्या मिखाइल डोलिवो-डोब्रोवोल्स्कीनं 1889 मध्ये अशी मोटर घडवली. 1891 च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात, 175 किलोमीटरवरच्या लाउफेनहून आणलेल्या विजेवर त्याच्या 100 अश्वशक्तीच्या मोटरनं पाणी उचलून चक्क धबधबा पाडून दाखवला. लेथला ही मोटर मानवते: फिनिश कटला कंप कमी, आणि उलटी फिरवायची तर कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल केली की झालं. ‘सिंगल फेज मोटर बसवून टाका’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला मला म्हणूनच पटत नाही.

एकीच्या तीन फेज करण्याच्या युक्त्या आपल्याकडे नव्या नाहीत. भारनियमनाच्या दिवसांत गावाकडे सिंगल फेजिंग असताना विहिरीवरच्या पंपाला कंडेन्सर लावून पाणी काढणारे शेतकरी हेच करत होते. 230 व्होल्टला ढोबळ हिशेब किलोवॅटमागे 70 मायक्रोफॅरडचा. पण हा मेळ एका ठरावीक लोडलाच बसतो. पंपाचा लोड ठरलेला. लेथचं तसं नाही. आता रिकामं फिरतंय, आता जड कट लागलाय. मग एखादं वाइंडिंग तापत राहतं आणि ताकदही पुरी मिळत नाही.

दुसरी युक्ती रेल्वेनं वर्षानुवर्षं वापरली. डब्ल्यूएजी-5, डब्ल्यूएपी-4 या इंजिनांना वरच्या तारेतून 25 केव्हीची एकच फेज मिळते, पण ब्लोअर आणि कॉम्प्रेसरच्या मोटरी तीन फेजच्या. मधे असायचा आर्नो कन्व्हर्टर: एका फेजवर सतत फिरणारं, मोटरसारखंच यंत्र, ज्याच्या तिसऱ्या टोकाला हवी ती फेज तयार होते. पुढे त्याची जागा स्टॅटिक कन्व्हर्टरनं घेतली. गॅरेजातही हे जमतं, पण ते घोंघावणं शेजारी किती दिवस ऐकून घेतील?

आज बहुतेक जण व्हीएफडी, म्हणजे बोलीतला ‘ड्राइव्ह’ घेतात. आत 230 ची एक फेज, तिचं डीसी, त्यातून पुन्हा तीन फेज. गल्लत होते ती इथे. बाहेर पडणाऱ्या तीन फेजही 230 च्याच असतात, 415 च्या नव्हेत. तेव्हा ड्राइव्हची चौकशी नंतर करावी. मशीनचा सौदा करण्याआधी मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडून बघावा.

आपल्याकडे 2 एचपीपर्यंतच्या मोटरी सहसा स्टारमध्ये, म्हणजे तिन्ही वाइंडिंगांची एकेक टोकं एका गाठीत बांधून, जोडलेल्या असतात. तिथे एकेका वाइंडिंगला 415 भागिले 1.732, म्हणजे 240 व्होल्टच मिळतात. तीच वाइंडिंगं डेल्टात, म्हणजे त्रिकोणात, जोडली की मोटर 230 वर जवळजवळ पूर्ण ताकदीनं चालते. करंट पावणेदोन पट होतो, म्हणून मेन बोर्डापासून वेगळी जाड वायर ओढावी. बॉक्समध्ये सहा टोकं असतील तर पट्ट्या आडव्याच्या उभ्या केल्या की काम झालं. तीनच असतील तर स्टारची गाठ आत, वाइंडिंगच्या कडेला दोऱ्यानं बांधून वार्निशखाली गाडलेली असते. कव्हर काढायचं, वार्निश मऊ करायचं, दोरा कापून गाठ हुडकायची, तीन टोकं सुटी करून प्रत्येकाला वायर सोल्डर करायची, स्लीव्ह चढवायची आणि बाहेर आणायची. हे रिवाइंडिंगवाल्याचं काम. इनॅमल खरवडलं गेलं तर अख्खी मोटर भरून घ्यावी लागते.

ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये स्विच ठेवू नये. लेथचा जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलला जोडावा. ड्राइव्हवर वेग उतरवून 20 हर्ट्झला आणला की मोटरचा पंखाही मंदावतो, तेव्हा जड कट बॅकगिअरवरच घ्यावा. आणि चक आट्यांवर बसणारा असेल तर थांबण्याचा वेळ लांब ठेवावा. झटक्यात ब्रेक लागला की फिरता चक सुटून अंगावर येतो. मेन बंद केल्यावरही ड्राइव्हच्या पोटात 325 व्होल्ट डीसी काही मिनिटं शिल्लक असतं.

3 एचपी आणि त्यापुढच्या मोटरी बहुधा आधीच 415 वर डेल्टात असतात. त्यांच्यात सोडवायला गाठच नसते. घरगुती कामाला एवढी ताकद क्वचितच लागते, तेव्हा सहा टोकांची 2 एचपीची मोटर बसवावी. आणि 5 एचपीचं मशीनच घरी आणलं असेल, तर जास्तीचा स्थिर आकार सोसून महावितरणकडे तीन फेजचा अर्ज भरावा.