टाचणाचा क्रम

विदर्भातल्या काटोलसारख्या तहसिलीच्या गावी भाषणाच्या रचनेचा मागोवा घ्यावयाचा, तर आरंभ नारदीय कीर्तनापासून करावा लागतो. कारण नमन, मूळ अभंग, त्याचे निरूपण, मग उत्तररंगातले आख्यान आणि अखेरीस पुन्हा मूळ सिद्धांत, हा जो क्रम हरिदासांनी पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवला, तोच ज्यांनी कधी वीणा हाती धरली नाही अशा वक्त्यांच्याही टाचणात नकळत उतरला. पुढे डिसेंबर १९२० मध्ये नागपुरास काँग्रेसचे अधिवेशन भरून असहकाराचा ठराव मंजूर झाला, आणि ठराव, उपसूचना, अनुमोदन या सभाशास्त्राच्या शिस्तीने भाषणाला मसुद्याची बांधणी दिली.

परंतु या प्रदेशातील वक्तृत्वाचा सर्वांत मननीय नमुना मला नागपूरच्या दीक्षाभूमीवर १५ ऑक्टोबर १९५६ रोजी झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या भाषणात दिसतो. धर्मांतर आदल्या दिवशी होऊन गेले होते. साधारण वक्त्याने अशा प्रसंगी तत्त्वज्ञानापासूनच प्रारंभ केला असता. बाबासाहेबांनी मात्र लोकांच्या मनात घोळणारा प्रश्न आधी हाती घेतला, की नागपूरच का? राष्ट्रीय स्वयंसेवक संघाला डिवचण्यासाठी हे शहर निवडले, ही समजूत त्यांनी प्रथम खोडून काढली, नाग लोकांचा व बौद्ध धर्माचा पूर्वसंबंध सांगितला, मृत जनावरे ओढण्याचे सोडल्याने उत्पन्न बुडते या आक्षेपाचा समाचार घेतला, मानापेक्षा पैसा मोठा नव्हे हे ठसविले, आणि अशी भूमी निर्वेध झाल्यावरच धर्माच्या आवश्यकतेचा मुख्य विषय उभा केला. शंका आधी, सिद्धांत मागाहून: हा क्रम श्रोत्याच्या मनातून घेतलेला आहे, वक्त्याच्या वहीतून नव्हे, आणि म्हणूनच मी त्यास आदर्श मानतो.

त्यानंतरच्या काळात प्राचार्य राम शेवाळकरांसारख्या वैदर्भीय वक्त्यांनी व्याख्यानाला वाङ्मयीन वैभव दिले. शाळांतून वक्तृत्वस्पर्धा बोकाळल्या. या स्पर्धांविषयी माझे मत प्रतिकूल आहे, कारण त्यांत मुलांना सुभाषितांनी मढविलेली प्रस्तावना पाठ करावयास लावतात, पण समोर कोण बसले आहे याचा विचार करावयास कोणी शिकवीत नाही. काटोलच्या संत्रा-बागाइतदारांपुढे उभ्या राहणाऱ्या वक्त्याने तरी शासकीय योजनांची जंत्री मागे ठेवावी आणि टाचणाच्या पहिल्या ओळीत आंबिया बहाराची फळगळ लिहावी. ती का होते व कशी रोखावी हे ऐकल्यावर कास्तकार उरलेल्या योजनांविषयी आपण होऊन विचारू लागेल.