जोर गाडीचा, पकड रस्त्याची!

वसई पश्चिमेला होळी नावाचा भाग आहे. जूनमधली पहिली सर पडून गेली की तिथल्या फुटपाथवर थांबून रिक्षांकडे जरा नीट बघा. तीन माणसं बसलेली रिक्षा निमूट निघते. पण रिकामी रिक्षा घाईघाईत निघाली, तर कधी कधी तिचं मागचं चाक क्षणभर जागच्या जागी गरगरतं, बूड किंचित बाजूला सरकतं आणि मग ती पुढे जाते. आहे की नाही गंमत? ओझं कमी असलं की पळणं सोपं व्हायला हवं. इथे तर उलटंच!

याचं उत्तर इंजिनात नाही, रस्त्यावर आहे. इंजिन फक्त चाक फिरवतं. चाक रस्त्याला मागे ढकलतं आणि रस्ता गाडीला पुढे ढकलतो. हे ढकलणं जमतं ते घर्षणामुळे, म्हणजेच टायरच्या पकडीमुळे. चाकावर भार जास्त असला की पकड जास्त, भार कमी झाला की पकड कमी. रिक्षात इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळतो आणि माणसंही मागेच बसतात. ती उतरली की मागच्या चाकांवरचा भार घटतो. इंजिनाचा जोर मात्र तेवढाच राहतो.

मागच्या चाकांनी चालणारी रिक्षा एकटीच नाही बरं का! आपली एसटीही तशीच. तिचं इंजिन पुढे असलं, तरी गाडीखालून जाणारा लांब दांडा तो जोर मागच्या चाकांपर्यंत नेतो. पुण्याजवळ चाकणला तयार होणारी महिंद्राची ‘बीई ६’ ही विजेवरची मोटारही मागच्याच चाकांवर पळते. रिक्षाची ताकद दहाएक अश्वशक्ती, तर या मोटारीच्या ताकदवान प्रकाराची सुमारे २८०! शिवाय विजेची मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते. आता विचार करा, एवढ्या ताकदीच्या गाडीचा चालक ओल्या रस्त्यावर पाय दाणकन दाबेल तर?

पकडीचा हिशोब खाऊच्या पैशांसारखा आहे. समजा, कोरड्या रस्त्यावर टायरच्या खिशात १० रुपये आहेत. वेग वाढवायचा, ब्रेक लावायचा, वळायचं, सगळा खर्च याच १० रुपयांतून. वळणावर ५ रुपये गेले, तरी वेग वाढवायला बऱ्यापैकी शिल्लक उरते. पाऊस पडला की खिशात साधारण ६ रुपयेच राहतात. त्यातले ५ वळणाने नेले आणि त्याच वेळी चालकाने ॲक्सिलरेटर जोरात दाबला, की टायरचं दिवाळं! मागची चाकं नुसती गरगरतात. गरगरणाऱ्या चाकाला गाडी बाजूला सरकण्यापासूनही रोखता येत नाही. मग मागचा भाग वळणाच्या बाहेर फेकला जातो आणि गाडी स्वतःभोवती फिरू लागते.

अशा वेळी कसलेला चालक काय करतो? घाबरून करकचून ब्रेक लावत नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय हलकेच उचलतो आणि जिकडे जायचं आहे तिकडे नजर ठेवून, स्टिअरिंग त्याच दिशेला अलगद वळवतो. पण खरा शहाणा चालक ही वेळच येऊ देत नाही. वळणाच्या आधीच वेग कमी करतो, वळताना पाय हलका ठेवतो आणि गाडी सरळ झाल्यावरच सावकाश वेग वाढवतो.

आता तर यंत्रंही मदतीला आली आहेत. मागचं चाक पुढच्यापेक्षा फारच जोरात फिरू लागलं, की संगणक इंजिनाचा जोर कमी करतो. गाडी फिरू लागली, तर तो नेमक्या एकाच चाकाचा ब्रेक लावून तिला सरळ करतो. १९९५ मध्ये बॉश कंपनीची ही दुसरी युक्ती मर्सिडीजच्या मोटारीत आली. पण लक्षात ठेवा, संगणक आहे ती पकड नीट वाटून देतो. नवी पकड काही तयार करू शकत नाही.

पहिला पाऊस तर जास्तच लबाड. रस्त्यावर महिनोन्‌महिने साचलेलं तेल, धूळ आणि टायरचा झिजलेला चुरा पाण्यात मिसळतो आणि बुळबुळीत थर होतो. जोरदार पावसाने तो धुऊन जातो, पण मग पाणी साचतं. ताशी नव्वदच्या आसपास वेग असेल, तर टायरला साचलेलं पाणी बाजूला सारायला वेळच मिळत नाही. टायर पाण्यावर चढतो, रस्त्याशी त्याचा संबंध तुटतो. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९६० च्या दशकात ओल्या धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानांसाठी याचा अभ्यास केला होता. झिजलेला टायर तर याहून कमी वेगातही तरंगतो.

थांबण्याचंही गणित बघा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर साधारण ९ मीटरमध्ये थांबते, ओल्या रस्त्यावर १५-१६ मीटर लागतात. वेग दुप्पट, म्हणजे ८० केला, तर अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. ओल्या रस्त्यावर साठ मीटरहून जास्त!

घरी एक प्रयोग करा. मागे ओढून सोडायची खेळण्यातली गाडी घ्या. फरशीच्या एका तुकड्यावर साबणाचं पाणी पसरा. गाडीला कोरड्या जागी ओढून चावी भरा आणि ओल्या जागी सोडा. चाकं जागीच फिरतील. आता मागच्या चाकांच्या वर दोन-तीन खोडरबर चिकटवा आणि पुन्हा सोडा. रिकाम्या रिक्षाचं कोडं सुटलं ना?

आणि हो, एक काम तुमच्यासाठी. घरची गाडी बंद करून उभी केलेली असताना तिच्या टायरच्या खाचांत डोकावा. खाचांच्या तळाशी रबराच्या बारीक आडव्या पट्ट्या दिसतील. त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. टायर झिजून त्या पट्ट्यांच्या पातळीला आला असेल, तर पाऊस सुरू व्हायच्या आत तो बदलायला आई-बाबांना सांगा. अगदी हट्ट करा!