दांड्याचा धातू की दांड्याची लांबी?

रिमोटवर चालणाऱ्या रॉक क्रॉलरचे शौकीन पहिला खर्च बहुधा लिंकवर करतात. लिंक म्हणजे ॲक्सलला चासीशी जोडणारे दांडे. १:१० प्रमाणातल्या बहुतेक क्रॉलरमध्ये मागच्या अखंड ॲक्सलला दोन खालचे आणि दोन वरचे असे चार दांडे असतात. स्प्रिंग आणि शॉक गाडीचं वजन पेलतात. ॲक्सल कुठे राहील आणि कोणत्या कोनात राहील हे मात्र हे दांडेच ठरवतात. मांडणी खऱ्या गाड्यांतूनच आलेली आहे. जीप रँग्लरने लीफ स्प्रिंग सोडून कॉइल स्प्रिंग आणि लिंक घेतल्या त्या १९९७ च्या मॉडेलपासून, आणि नाशिकला तयार होणाऱ्या थारनेही २०२० च्या नव्या रूपात मागे तोच रस्ता धरला. क्रॉलरच्या बाजारात मात्र लिंकची जाहिरात होते ती धातूच्या नावावर: ॲल्युमिनियम, स्टेनलेस, टायटॅनियम. माझ्या मते हा प्रश्नच उलटा विचारला जातो. आधी लांबी आणि कोन, धातू नंतर.

आकडे मांडून पाहू. ६ मिमी जाड आणि १०० मिमी लांब भरीव दांडा ॲल्युमिनियमचा असेल तर साडेसात ग्रॅमच्या आसपास भरतो, टायटॅनियमचा तेरा आणि स्टीलचा बावीस. पुढचे-मागचे मिळून खालचे चारही दांडे ॲल्युमिनियमऐवजी स्टीलचे घेतले तर अठ्ठावन्न ग्रॅम वाढतात. हे वजन खाली वाढतं, म्हणून गाडी उलटायला कमी प्रवृत्त होते, असा युक्तिवाद असतो. दिशा बरोबर आहे, पण माप पाहा. अडीच किलोच्या गाडीत गुरुत्वमध्यापेक्षा चाळीस मिमी खाली हे वजन घातलं तर गुरुत्वमध्य जेमतेम एक मिमी उतरतो. आता दुसरी बाजू. वरच्या आणि खालच्या दांड्यांच्या ॲक्सलवरच्या जोडांत २० मिमी उभं अंतर धरलं, तर वरचा दांडा फक्त एक मिमी लांब केल्याने ॲक्सल जवळजवळ तीन अंश फिरतो. एम-३ आट्यांचा रॉड एंड (दांड्याच्या टोकाचा सांधा) दोन फेरे उघडला की एवढं अंतर पडतं. फुकटातल्या दोन फेऱ्यांनी जे घडतं ते महागड्या सळईने घडत नाही.

हे तीन अंश कशाला महत्त्वाचे? वरचा दांडा लांब केला की पिनियनचं, म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट जोडला जातो त्या गिअरचं, तोंड वर उचललं जातं, ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांचा कोन सौम्य होतो आणि शाफ्ट सुरळीत फिरतो. पण पुढच्या ॲक्सलवर तोच फेरा कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या खुंटीचा मागचा झुकाव, कमी करतो, कारण खुंटीचा माथाही पुढे झुकतो. मग चाकं आपणहून सरळ व्हायला कुरकुरतात. म्हणजे पुढे शाफ्टचा फायदा आणि स्टिअरिंगचा फायदा एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. ज्या ॲक्सलवर सी-हब (ही खुंटी धरणारा भाग) वेगळ्या कोनात फिरवून बसवता येतो तिथे दोन्ही साधतात, बाकीच्यांवर तडजोड. मागे वेगळाच खेळ आहे. बाजूने पाहिलं तर वरच्या आणि खालच्या दांड्यांच्या रेषा पुढे कुठेतरी मिळतात. त्या जितक्या जवळ आणि उंचावर मिळतील तितकी थ्रॉटल देताच चासीची मागची बाजू उचलली जाते. उभ्या चढावर हे त्रासाचं ठरतं: गाडी उड्या मारते, पकड सुटते. दांडे लांब आणि समांतराच्या जवळ ठेवले, म्हणजे चासीवरचं वेगळं भोक निवडलं, तर हे उचलणं शांत होतं.

यावर पहिला आक्षेप असा की मूळ प्लास्टिकचे दांडे वाकतात, मग धातूला पर्याय काय? खरंच वाकतात. ॲल्युमिनियम नायलॉनपेक्षा वीस पटींहून अधिक ताठ आहे. जोर लागल्यावर दांडा वाकला की ॲक्सल वळतो, आणि जुळवून ठेवलेला पिनियनचा कोन नेमका गरजेच्या क्षणी बिघडतो. म्हणजे धातूची बाजूही शेवटी भूमितीचीच आहे: ताठपणा हवा, तो ठरवलेला कोन टिकावा म्हणून. ताठ दांडा धक्का पुढे ढकलतो आणि दुसरंच काही तुटतं, ही भीतीही पूर्ण खोटी नाही. पण क्रॉलर सावकाश चालतो, आणि धातूच्या दांड्यांच्या टोकांनाही रॉड एंड बहुधा प्लास्टिकचेच असतात. कमजोर कडी तिथे उरतेच, आणि ती बदलायला स्वस्त. (जुन्या गाडीतला खुळखुळाटही बहुतेकदा तिथलाच असतो, दांड्याचा नव्हे.)

धातू खऱ्या अर्थाने निर्णायक ठरतो तो वाकड्या, हाय क्लिअरन्स दांड्यांत. दगडाला वाट मिळावी म्हणून खालचा दांडा मध्येच वर वाकवलेला असतो. सरळ दांड्यावर फक्त दाब किंवा ताण येतो; वाकड्यावर त्याच बलाने वाकवणारा जोरही येतो. ६ मिमी दांड्यात बाक १० मिमीचा असेल तर त्या जोरातून उपजणारा ताण सरळ दाबाच्या तेरापट होतो. इथे स्टीलला पर्याय नाही, निदान खाली तरी. शिवाय ॲल्युमिनियम खडकावर खरवडून निघतं आणि त्या ओरखड्यांवर गाडी अडते. स्टेनलेस घसरून जातं. दोन्ही टोकं गोल सांध्यांची असल्याने वाकडा दांडा स्वतःभोवती फिरून बाक खाली करू शकतो, तेव्हा तो न फिरणारी बैठक असलेलाच घ्यावा. वरच्या दांड्यांना दगड क्वचित लागतो. तिथे जड धातू म्हणजे नको तिथे वजन. ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियम पुरे. उलट-सुलट आट्यांचे टर्नबकल असतील तर उत्तमच, कारण काहीही न उघडता एका फेऱ्यात एक मिमी फरक पडतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: भूमिती कारखान्यातल्या जाणकारांनी ठरवलेली असते, आपण ती का छेडावी? ट्रॅक्ससने २०१७ मध्ये डिफेंडरच्या रूपात आणलेल्या टीआरएक्स-४ चा व्हीलबेस ३२४ मिमी आहे. तो काही डोळे मिटून निवडलेला नाही. गाडी जशी आली तशीच असेल तर हा आक्षेप मान्य, खालचे दांडे मूळ लांबीचेच घ्यावेत. पण मोठे टायर किंवा लांब शॉक घातले की चासी वर जाते, प्रत्येक दांड्याचा उतार बदलतो आणि कारखान्याची भूमिती तिथेच मोडते. तेव्हा लिंक बदलणं ही छेडछाड राहत नाही, दुरुस्ती होते. पुढे सर्व्हो (स्टिअरिंग फिरवणारी मोटर) चासीवर असेल तर ॲक्सलला आडवा धरून ठेवणारा पॅनहार्डचा दांडा स्टिअरिंगच्या ड्रॅग लिंकशी समांतर आणि तेवढ्याच लांबीचा राहतो का, हेही बघावं. नाहीतर चाक वर-खाली होताच गाडी आपोआप वळते.

खालचे दांडे लांब केले की व्हीलबेस वाढतो आणि ड्राइव्ह शाफ्ट अपुरा पडू शकतो. म्हणून सगळं कसण्याआधी शॉकमधल्या स्प्रिंगा काढाव्यात, ॲक्सलचं एक टोक हाताने पूर्ण वर दाबावं, दुसरं पूर्ण खाली सोडावं, आणि त्याच अवस्थेत चाक फिरवून शाफ्ट निसटतो का, टायर दांड्याला घासतो का, रॉड एंड अडकतो का, हे चारही कोपऱ्यांवर पाहावं. धातूत धातू जाणाऱ्या आट्यांना थ्रेडलॉक त्यानंतरच लावावं.