ऑड्स रेशो ४८ कोटी आला तर?

लॉजिस्टिक रिग्रेशनच्या निकालात ऑड्स रेशो ४८ कोटी दिसला की संशोधक विद्यार्थ्याच्या पोटात गोळा येतो. त्यात काही चुकीच्या समजुती घोळ आणखी वाढवतात.

गैरसमज : एवढा आकडा म्हणजे डेटाच चुकला.

वस्तुस्थिती : तसे असेलच असे नाही. १९७१ साली बोस्टनमध्ये आर्थर हर्ब्स्ट आणि सहकाऱ्यांनी तरुणींमधील योनिमार्गाच्या एका दुर्मीळ कर्करोगाचा छडा लावला. आठ रुग्णांपैकी सात जणींच्या आईने गर्भारपणात डीईएस हे संप्रेरक घेतले होते. तुलनेसाठी निवडलेल्या ३२ जणींपैकी एकीच्याही आईने नाही. तक्त्याच्या एका चौकटीत शून्य आले आणि ऑड्स रेशो अनंत झाला. संबंध मात्र खरा होता. गरोदरपणी हे औषध देऊ नये, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच वर्षी बजावले.

गैरसमज : मग ४८ कोटी हाच परिणामाचा आकार.

वस्तुस्थिती : नाही. चौकटीत असे शून्य असले की सॉफ्टवेअर अनंताकडे सरकत राहते आणि कुठेतरी थांबते. गुणांक २० वर थांबला तर ४८ कोटी, २१ वर थांबला तर १३१ कोटी! प्रमाण त्रुटीही अफाट फुगते, पी-मूल्य १ च्या जवळ जाते आणि सर्वांत प्रभावी घटकच निरुपयोगी समजून वगळला जातो. तो ठेवावा आणि डेव्हिड फर्थ यांची १९९३ ची पद्धत वापरावी. तिच्यातून मर्यादित उत्तर मिळते.

गैरसमज : शून्य चौकट नसेल, तर मोठा आकडा निर्धोक.

वस्तुस्थिती : आधी एकक पाहावे. ० ते १०० अशी भरलेली टक्केवारी दर टक्क्याला १.०५ ऑड्स रेशो देत असेल, तर तीच ० ते १ अशी भरल्यावर १३१ देते. माहिती तीच, फक्त मोजपट्टी बदलली.

गैरसमज : ऑड्स रेशो जितका, तितके पट प्रमाण.

वस्तुस्थिती : हे फक्त दुर्मीळ घटनांत जवळपास खरे ठरते. १९९९ च्या एका अमेरिकी अभ्यासात रुग्णांची भूमिका करणाऱ्या गोऱ्या नटांच्या बाबतीत ९०.६ टक्के आणि कृष्णवर्णीयांच्या बाबतीत ८४.७ टक्के डॉक्टरांनी हृदयाच्या कॅथेटरायझेशनचा सल्ला दिला. ऑड्स रेशो ०.६ आला आणि बातम्यांत ‘४० टक्के कमी’ असे झळकले. प्रत्यक्ष प्रमाण सुमारे ७ टक्क्यांनीच कमी होते.

म्हणून शोधनिबंधात ऑड्स रेशोबरोबर मूळ तक्ता, एकक आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल द्यावे. घटना वारंवार घडणारी असेल, तर साधी टक्केवारीही छापावी.