खिशातले दोन कॅमेरे



जुन्या घरांतून भिंतीवर ज्या तसबिरी लावलेल्या असतात, त्यांपैकी एखादीकडे बोट दाखवून घरातील वडीलधारी मंडळी हमखास म्हणतात, "आबा काही असे दिसत नसत." यात आबांचा दोष नसतो. ते छायाचित्र कुणाच्या तरी लग्नातील समूहचित्रातून कापून मोठे केलेले असते, नाही तर पेन्शनच्या कागदांसाठी काढवून घेतलेले असते. जो माणूस आयुष्यभर ओसरीवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरीत आला, त्याची मागे उरलेली खूण म्हणजे स्टुडिओतील रंगीत पडद्यापुढे श्वास रोखून बसलेला एक अनोळखी चेहरा. कॅमेरा ही तेव्हा सणासुदीला बाहेर काढावयाची वस्तू होती. पेटीसारख्या साध्या कॅमेऱ्यात घातलेल्या एका फिल्मवर बारा चित्रे निघत, आणि ती बारा चित्रे मुंजीत नाही तर सहलीत संपून जात. ओसरीवरच्या आबांपर्यंत तेरावे चित्र कधी पोहोचलेच नाही.

आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि फोनात कॅमेरा आहे. मग निराळ्या कॅमेऱ्याचे कौतुक कशासाठी, असे आपण विचाराल. दिवसाउजेडी घेतलेल्या चित्रापुरते म्हणाल, तर निराळे यंत्र विकत घ्या असे मी कुणालाही सांगणार नाही. परंतु आपली घरे दिवसाउजेडी फारशी जगत नाहीत. घर खऱ्या अर्थाने जागे असते ते पहाटे आणि तिन्हीसांजेला, एखाद्या दिव्याच्या उजेडात. अशा वेळी फोन क्षणार्धात अनेक चित्रे घेतो आणि ती गणिताने एकमेकांत मिसळून एक चित्र तयार करतो. हिशोब चोख असतो. पण पुष्कळदा त्या हिशोबात म्हाताऱ्या माणसाच्या सुरकुत्याच गोंगाट समजून पुसल्या जातात आणि चेहरा मेणाचा दिसू लागतो. ज्या चेहऱ्यासाठी चित्र काढावयाचे, तोच हातचा जातो.

म्हणून आज मी दोन लहान कॅमेऱ्यांची तुलना आपल्यापुढे मांडणार आहे. पहिला सोनी कंपनीचा आरएक्स-१००, तो २०१२ साली निघाला. दुसरा रिको कंपनीचा जीआर, तो २०१३ साली. दोन्ही जपानी, दोन्ही अंकीय पद्धतीचे. आता त्यांच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या आहेत आणि ही मूळ यंत्रे वापरलेल्या स्थितीत शोधावी लागतात. तरीही मी त्यांचीच निवड केली, याचे कारण असे की रोजच्या छायाचित्रणाविषयीचे दोन निराळे विचार या दोन यंत्रांत जितके स्वच्छ दिसतात तितके नंतरच्या गर्दीत दिसत नाहीत. दोहोंचेही वजन पाव किलोच्या किंचित आत: सोनी २४० ग्रॅम, रिको २४५. सोनी जेमतेम दहा सेंटिमीटर लांब, तो सदऱ्याच्या खिशात बसतो. रिको दीडएक सेंटिमीटर अधिक लांब, त्याला झब्ब्याचा खिसा बरा.

बाहेरून अशी भावंडे दिसणारी ही यंत्रे आतून मात्र फार वेगळी आहेत. जुन्या कॅमेऱ्यात जेथे फिल्म असे, तेथे अंकीय कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारी एक चकती असते. तिला संवेदक म्हणू. सोनीच्या संवेदकाला व्यापारी भाषेत 'एक इंची' म्हणतात, पण मोजपट्टी लावली तर तो १३.२ मिलिमीटर लांब आणि ८.८ मिलिमीटर रुंद भरतो. कर्णसुद्धा इंचाचा होत नाही. हा इंच आला आहे दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यातील जुन्या काचनळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून. नळ्या गेल्या, इंच राहिला. रिकोचा संवेदक साधारण २३.७ गुणिले १५.७ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने सोनीच्या सुमारे सव्वातीन पट. गंमत अशी की जाहिरातीत ज्यांचा गाजावाजा होतो ते बिंदू लहान संवेदकावरच अधिक आहेत: सोनीचे दोन कोटी, रिकोचे एक कोटी साठ लाख. बिंदूंच्या संख्येवरून कॅमेऱ्याची प्रत ठरवणे म्हणजे पानांच्या संख्येवरून पुस्तकाची ठरवण्यासारखे आहे.

संवेदक सव्वातीन पट मोठा, तेव्हा अंधारात रिको सव्वातीन पट सरस, असा हिशोब दुकानदारही मांडतात. मीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. तो हिशोब चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे हे पावसाळ्यात आपल्याच घरात पाहता येईल. छप्पर गळू लागले की आपण खाली भांडे ठेवतो. वाटी ठेवली तर ती भरून वाहील, परात ठेवली तर वाहणार नाही, हे खरे. पण छतातून किती पाणी येणार हे परात ठरवीत नाही, ते छपराला पडलेले भोक ठरवते. कॅमेऱ्यात हे भोक म्हणजे भिंगाचे छिद्र. भिंगाच्या नाभीय अंतराला त्याच्या छिद्रांकाने भागले की छिद्राचा व्यास निघतो. सोनीचे भिंग पूर्ण रुंद दृश्यावर ठेवले तर १०.४ मिलिमीटर भागिले १.८, म्हणजे ५.८ मिलिमीटर. रिकोचे १८.३ भागिले २.८, म्हणजे साडेसहा मिलिमीटर. व्यासांचे वर्ग करून पाहिले तर रिकोच्या भोकातून येणारा प्रकाश सोनीच्या केवळ सव्वा पट भरतो. सव्वातीन पट नव्हे, सव्वा पट. सोनीच्या भिंगकर्त्यांनी लहान परातीवर पुरेसे मोठे भोक पाडून ठेवले आहे.

शिवाय सोनीच्या भिंगात हाताचा कंप सावरून धरणारी योजना आहे. रिकोत ती नाही. त्यामुळे देवघरातील समई, कोनाडा, झोपी गेलेले मूल अशा स्थिर गोष्टी अंधुक उजेडात टिपण्यास सोनीच अधिक सोयीचा, हे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. मात्र ही योजना आपला हात सावरते, समोरच्याचा नव्हे. भाकरी थापणारे हात हलतच राहणार. ते स्पष्ट हवे असतील तर झडप लवकर मिटली पाहिजे, आणि तेथे दोन्ही यंत्रे पुन्हा एका पंक्तीला येऊन बसतात.

मग मोठ्या परातीचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो उजेड मुबलक असताना दिसतो. मघाच्या उपमेत वाटी भरून वाहते असे म्हटले, ते येथे लागू पडते. आपली ओसरी डोळ्यांपुढे आणा: आत काळोख, दारातून अंगणातील ऊन आत येते आहे, आणि उंबरठ्यावर कोणी बसले आहे. लहान संवेदक अंगणातील उन्हानेच भरून जातो, आणि तेथे नुसता पांढरा डाग उरतो. तो वाचवावा म्हणून कमी प्रकाश घेतला तर उंबरठ्यावरचा माणूस काळा ठिक्कर. रिकोच्या संवेदकात ऊन आणि काळोख दोन्ही पुष्कळ अधिक सामावतात. यंत्राने घेतलेली कच्ची नोंद जपून ठेवली तर नंतर संगणकावर सावलीतील तपशील वर काढता येतो. ऊन आणि सावली यांच्या सीमेवरच जेथे घरे बांधली जातात, त्या आपल्या देशात हा गुण मला अंधारातल्या बळापेक्षा मोलाचा वाटतो.

आता भिंगाविषयी. सोनीचे भिंग लांबते-आखडते. जुन्या पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या भाषेत बोलायचे तर ते २८ पासून १०० पर्यंत जाते. रिकोचे भिंग २८ वरच खिळलेले. त्याला मागेपुढे होणे ठाऊक नाही. याचा व्यवहारातील अर्थ असा: दोन मीटरवर उभ्या असलेल्या माणसाकडे २८ चे भिंग रोखले तर चौकटीत सुमारे अडीच मीटर रुंदीचे दृश्य येते, म्हणजे माणूस, त्याच्यामागची मांडणी, मांडणीवरचे डबे आणि शेजारचे कॅलेंडर. तेथूनच १०० चे भिंग लावले तर सुमारे सत्तर सेंटिमीटर, म्हणजे चेहरा आणि खांदे. शाळेच्या संमेलनात मागच्या रांगेत बसलेल्या बापाला रिकोचा काहीच उपयोग नाही. रंगमंचावरचे त्याचे कार्टे चित्रात शेंगदाण्याएवढे येईल. परंतु सोनीच्या लांब टोकाचीही एक मेख आहे. तेथे छिद्रांक १.८ वरून ४.९ पर्यंत चढतो, आणि संवेदकावर पडणारा प्रकाश रुंद टोकाच्या सातव्या हिश्शाहूनही कमी होतो. म्हणजे संध्याकाळी घरात हे लांबणे नावापुरतेच उरते. ते दिवसाचे वैभव आहे.

रिकोच्या न लांबणाऱ्या भिंगाने मात्र माझी एक खोड मोडली. खोलीच्या कोपऱ्यात उभे राहून माणसे जवळ ओढून घेण्याची ती खोड. येथे आपल्यालाच उठून जवळ जावे लागते, आणि जवळ जायचे म्हणजे बोलावे लागते. काही दिवसांनी हात शिकतो. कोणत्या अंतरावरून किती दिसेल हे डोळ्याला लावण्यापूर्वीच कळू लागते. फिल्मच्या काळातील रिको जीआर घेऊन टोकियोच्या गल्ल्यांतून हिंडणारे नामवंत छायाचित्रकार दाइदो मोरियामा यांची चित्रे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना मी काय म्हणतो ते समजेल. मात्र फार जवळ जाऊ नये. हातभर अंतरावरून चेहऱ्याचे चित्र घेतले तर नाक आधी येते आणि माणूस मागून.

रिकोत आणखी एक सोय आहे, आणि माझ्या मते या यंत्राचा खरा जीव तिच्यात आहे. नेहमीचा कॅमेरा बटण अर्धे दाबले की अंतर शोधू लागतो, आणि अंधुक उजेडात त्याला ते चटकन सापडत नाही. तोवर हसू मावळते. रिकोत आपण आधीच एक अंतर ठरवून ठेवू शकतो, समजा दोन मीटर, आणि बटण एका दमात खाली दाबले की यंत्र काहीही न शोधता त्या अंतरावर चित्र घेते. छिद्रांक ५.६ ठेवला तर दोन मीटरवर बेतलेले चित्र साधारण सव्वा मीटरपासून पाच-सहा मीटरपर्यंत डोळ्याला स्पष्ट दिसते. आपल्या खोल्या याहून मोठ्या असतात कोठे? अर्थात छिद्र असे लहान करण्यास उजेड हवा. दिवेलागणीला ही युक्ती लंगडी पडते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. डोळा लावून पाहावयाचे दर्शक दोहोंतही नाही. भर उन्हात पाठीवरचा पडदा दिसेनासा होतो आणि अंदाजाने काम भागवावे लागते. क्षणदीप दोहोंतही आहे. सोनीचा बोटाने किंचित मागे कलता धरला तर त्याचा उजेड पांढऱ्या छतावर आपटून मऊ होऊन उतरतो, हे कुणी तरी सांगितल्याशिवाय कळत नाही. चलच्चित्रे हवी असतील तर निःसंशय सोनी घ्यावा. हातात धरावयास रिको अधिक खात्रीचा. सोनीचे अंग गुळगुळीत आहे, मनगटात दोरी असू द्यावी. आणि ज्यांचे भिंग नळीतून बाहेर येते-जाते अशा सगळ्याच लहान कॅमेऱ्यांच्या पोटात कालांतराने धूळ शिरू शकते, तेव्हा जुने यंत्र विकत घेताना पांढऱ्या भिंतीचे एक चित्र, छिद्र लहान ठेवून, घेऊन पाहावे. डाग असतील तर तेथे दिसतील.

पुढच्या आवृत्त्यांनी काही उणिवा भरून काढल्या. सोनीने २०१४ च्या तिसऱ्या आवृत्तीत वर उचलता येणारे दर्शक बसवले, पण भिंग ७० वर थांबवले. रिकोने २०१९ च्या तिसऱ्या आवृत्तीत कंप सावरण्याची योजना आणली, पण क्षणदीप काढून टाकला. पाव किलोच्या डबीत एक वस्तू घालायची तर दुसरी काढावी लागते.

ज्याच्याजवळ एकच कॅमेरा असणार, आणि लग्न, प्रवास, संमेलन, नातवंडे सगळे त्यानेच निभावायचे आहे, त्याने सोनी घ्यावा. ज्याला आपले घर आणि आपली गल्ली एवढ्याचीच चित्रे काढायची आहेत, त्याने रिको घ्यावा. मी दुसऱ्या वर्गातला. एका स्नेह्यांचा सोनी आणि माझा रिको असे दोन्ही काही दिवस मी घरात बाळगले आणि आईची चित्रे काढली. दोन चित्रे बारा इंची कागदावर छापून घेतली. इतक्या आकाराला दोन्ही यंत्रांचे बिंदू पुरून उरतात. एक रिकोचे: सकाळी खिडकीच्या उजेडात परातीवर वाकलेली आई, पिठाचे हात, मांडणी, तवा, सगळे. दुसरे सोनीचे: दुपारी अंगणापलीकडून, ती तांदूळ निवडीत असताना तिच्या नकळत घेतलेला नुसता चेहरा. पहिले चित्र माझ्या बहिणीने पाहताक्षणी मागून घेतले. आईने दोन्ही चित्रे चष्मा लावून पाहिली आणि दुसरे उचलले. म्हणाली, "हे बरे आहे. यात पसारा दिसत नाही."